निरोगी माणसाची डबी

नारिन गावच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या बुरुलचाने दुसऱ्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण शेजारचं म्हातारं जोडपं मांडीवर शौचाच्या नमुन्याची एकेक डबी घेऊन बोलत होतं.

"कंपवात तुम्हाला झालाय. माझी डबी कशाला?"

"आपण एकाच पातेल्यातलं खातो ना! माझ्या आतड्यातले जंतू निरोगी माणसाशी ताडून बघणार आहेत."

"शी! काय काय बघतात मेले."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधीपासून काहींचं पोट साफ होत नाही. वास कळेनासा होतो."

"अहो, परवा कुमिस कडू झालं म्हणून ओरडलात ना?"

"ओरडू नको तर काय! घोडीचं इतकं चांगलं दूध! आंबवायच्या पिशवीला धुरी द्यायची असते, ती जाळायची नसते."

"तीनदा दिली. धुराचा वासच येईना मला."

"सर्दी असेल."

"अख्खा उन्हाळा?"

"...आणि पोट?"

"आठवड्यातून एकदा. तेही कुंथून."

"कधीपासून?"

"धाकटीच्या लग्नापासून. अहो, माझ्या डबीवर त्यांनी काय लिहिलंय?"

"निरोगी."

"ते पुसता येतं का हो?"