बाईंनी भरलेला फॉर्म

सन्माननीय अध्यक्षा ओलेना हॅव्रिलुक, व्यासपीठावरील पाहुणे, वाचनालयाचे कर्मचारी, इथे शिकून गेलेले आणि शिकत असलेले सर्वजण, आणि ज्यांच्यासाठी आपण एवढ्या थंडीत जमलो त्या आमच्या गुद्रुन थॉरवाल्डसन बाई,

मी रोझालिंडा माग्बानुआ. फिलिपिन्सला, इलोइलोत अकरा वर्षं गणित शिकवलं. इथे कॅनडात, विनिपेगला येऊन पतपेढीच्या खिडकीवर बसले. वित्त विश्लेषकाची परीक्षा पास झालीस तर वरची जागा मिळेल, असं साहेब म्हणाले. गणिताची मला कसली भीती? दोनदा नापास झाले.

बाई या वाचनालयात शनिवारी सकाळी आम्हा नवख्यांना इंग्रजी शिकवायच्या. माझा सरावाचा पेपर पाहून म्हणाल्या, "अगं, सर्वांत कमी शक्यता कशाची, असं विचारलंय. तू सर्वांत जास्त शक्यतेवर खूण केलीस."

"पण बाई, आकडे बरोबर आहेत!"

"आहेत ना. पण ते विचारले कुणी?"

मग वर्षभर एकच शिस्त. आधी प्रश्न मोठ्यानं वाचायचा, शेजारणीला सांगावा तसा सांगायचा, मगच पेन्सिल उचलायची. तरी तिसऱ्यांदा बसायचं धाडस होईना. फॉर्म आठवडाभर तसाच पडून होता. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "मी माझा भरलाय."

वय एकाहत्तर! नवव्या वर्षी फळ्यासमोर अपूर्णांक चुकला, वर्ग हसला, तेव्हापासून या बाईंनी गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं. मला एकटीला बसू द्यायचं नाही, म्हणून उघडलं.

आता शिकवायची पाळी माझी. मी म्हटलं, "जानेवारीत उणे तीस, जुलैत अधिक तीस. सरासरी किती?"

"शून्य. म्हणजे आपण बारा महिने बर्फात?"

"म्हणून तर विचलन शिकायचं, बाई, आकडे सरासरीपासून किती लांब पडतात ते!" त्या इतक्या हसल्या की ओलेनाताईंनी दारातून डोळे वटारले.

निकाल लागला. मी पास झाले, बाई नापास. मी फोनवर हुंदके देत होते. त्या म्हणाल्या, "रडतेस काय वेडे? तीन तास आकड्यांसमोर बसले, पळाले नाही. माझ्यासाठी हे केवढं आहे, तुला कळायचं नाही."

आज त्या गिम्लीला बहिणीकडे राहायला निघाल्यात. काल सामान बांधायला गेले, तर खोक्यात सगळ्यात वर गणिताचं पुस्तक होतं, आणि त्यात नवा फॉर्म, भरलेला. या वेळी मी बसणार नाहीये, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

वाचनालयाची मी ऋणी आहे, आणि आमचा दंगा सोसणाऱ्या ओलेनाताईंचीही. बोलण्यात व्याकरण चुकलं असेल, ते बाई सांगतीलच. पण फॉर्मची गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं, आणि मी ती भर सभेत फोडली. बाई, एवढं मात्र पोटात घाला. तुम्ही स्वतःसाठी परीक्षेला बसताय, हे मला एकटीच्या पोटात ठेववेना.