कोरड्या गटातली रोपं

डोंबिवलीच्या बसथांब्यावर महिपतरावांच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. चोरून ऐकायची त्यांना सवय नव्हती, पण रांग तसूभर हलेना. लेकीच्या हातात टोमॅटोच्या रोपांचा ट्रे होता, रोपं कशी टवटवीत.

“प्राप्ती, बोल तरी काही! तुळशीला पाणी घालताना ह्या रोपांनाही घातलं तांब्याभर. माना टाकलेल्या गं बिचाऱ्यांनी.”

“टाकायच्याच होत्या. हा कोरडा गट होता, आई. मुद्दाम तहानेला ठेवलेला.”

“तहानेल्याला पाणी द्यायचं नाही, हा कसला प्रयोग?”

“पाणी कमी पडलं ना, की पेशी आपल्याच आवरणातल्या चरबीचा तुकडा तोडते. तो तुकडाच निरोप. पानांची छिद्रं मिटा, आहे तेवढं पाणी जपा. तो निरोप मला मोजायचा होता.”

“मग मोज की.”

“आता कुठला निरोप? पोट भरलं त्यांचं. सगळं पहिल्यापासून करायचं, आणि सर आज आकडे मागणार.”

“सांग, आईनं घातलं.”

“पीएचडीत असं चालत नाही गं.”

“मग मला आधी सांगायचंस. तूही ह्या रोपांसारखीच, तोंड मिटून बसतेस. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीस. धर, पाणी पी.”

“नकोय मला.”

“का? तूही कोरड्या गटातली?”

प्राप्तीला हसू आवरेना. तिनं ट्रे आईकडे दिला आणि बाटली तोंडाला लावली.

आई ट्रे छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली, महिपतरावांच्या पायावरच. रोपांवर थेंब उडायला नको म्हणून.