लाडकी शहर बघून आली

(एप्रिल २०१८. तलासरीच्या पूर्वेकडचा एक पाडा, सकाळची वेळ. सुदाम एसटीच्या ड्रायव्हरकीतून नुकताच रिटायर झालेला. त्याची बायको लाडकी महिनाभर इक्वेडोरमधल्या क्वेंका शहरात मुलीकडे, प्रगतीकडे, राहून काल परतली आहे. म्हातारपणी दोघांनी तिकडेच जाऊन राहायचं की नाही, ते ती बघून आली आहे.)

सुदाम : ते राहू दे. आधी रस्ते सांग.

लाडकी : रस्त्यांचं तर विचारूच नको.

सुदाम : विचारू नको कसं? जन्म गेला एसटीच्या स्टेअरिंगवर. मी पहिलं रस्तेच विचारणार.

लाडकी : सगळे खणून ठेवलेत. ट्राम आणायचीय म्हणे गावात. पाच वर्षं झाली, खणतातच आहेत. दुकानदार आपले दारात बसून खड्ड्याकडे बघत असतात.

सुदाम : म्हणजे आपल्यासारखंच की.

लाडकी : आपल्याहून वाईट. आपल्याकडे खड्ड्यात पडलं तर उचलणारा ओळखीचा तरी निघतो.

सुदाम : अरेरे. आणि हवा?

लाडकी : थंडी. बारा महिने थंडी. आपला महालक्ष्मीचा डोंगर घे, त्याच्यावर तसलेच आणखी चार ठेव, आणि वर गाव वसव. ऊन पडलं म्हणून स्वेटर काढला की लगेच पाऊस. घातला की पुन्हा ऊन.

सुदाम : माझ्या गुडघ्यांचं काय होईल मग?

लाडकी : तेच सांगते. चार पायऱ्या चढलं की धाप लागते. प्रगती राहते तिसऱ्या मजल्यावर.

सुदाम : लिफ्ट नाही?

लाडकी : लिफ्ट... आहे. पण बंद असते.

सुदाम : अरेरे. अरेरेरे.

लाडकी : तू अरेरे म्हणतोस, पण तोंड तर वरातीत निघाल्यासारखं दिसतंय.

सुदाम : माझं तोंडच तसं आहे. तू पुढे सांग. मासळी?

लाडकी : दर्या लांब राहिला. मी इथून सुके बोंबील नेले होते ना? एकदाच भाजले. खालच्या मजल्यावरची म्हातारी गॅस फुटला म्हणून बोंबलत वर आली.

सुदाम : मग ते लोक खातात तरी काय?

लाडकी : मका. पांढरा, उकडलेला, दाणा अंगठ्याएवढा. सकाळी मका, दुपारी मका. आणि सणासुदीला एक जनावर भाजतात. सशाएवढं, तोंड उंदराचं. दातांसकट काठीला लावून.

सुदाम : तू खाल्लंस?

लाडकी : मी कशाला खाऊ?

सुदाम : बरं केलंस. आणि ते अमेरिकेतले गोरे म्हातारे? प्रगती म्हणत होती, पेन्शन घेऊन तिथं येऊन राहतात. आपल्याला सोबत होईल म्हणाली.

लाडकी : आहेत ना. बाकावर बसलेले असतात, एकेका बाकावर एकेक. तू बोलायला गेलास तर उठून दुसऱ्या बाकावर जातील.

सुदाम : म्हणजे आपलं तिथं काही जमणार नाही.

लाडकी : अजिबात नाही. तू तर आठवड्यात अंथरूण धरशील.

सुदाम : मग राहिलं. तू बघून आलीस, तू नको म्हणालीस, विषय संपला. मी काय, तुझ्यासाठीच हो म्हणत होतो.

लाडकी : माझ्यासाठी? डेपोतल्या निरोपाच्या दिवशी माइक हातात धरून कोण म्हणालं, 'उरलेलं आयुष्य दक्षिण अमेरिकेत'?

सुदाम : माइक हातात आला की माणूस बोलून जातो. डहाणूपासून उधव्यापर्यंत बातमी गेली. शेजारचा चैत्या रोज कुंपणापाशी येऊन विचारतो, विमान कधी? आता त्याला सांगतो, बायकोने शहर नापास केलं. सगळं तुझ्या नावावर.

लाडकी : सांग. खुशाल माझ्या नावावर सांग.

सुदाम : फोन बघ. प्रगतीचा व्हिडिओ कॉल.

लाडकी : असू दे, मी नंतर करते. तिकडे रात्र झाली असेल, झोपू दे तिला.

सुदाम : झोपायचं असतं तर फोन कशाला केला असता? आण इकडे. हां, प्रगती! दिसतोय का मी?

प्रगती : कपाळ दिसतंय, बाबा. फोन जरा खाली घ्या. आई नीट पोचली ना? कंपनीतले पटेल होते ना शेवटपर्यंत बरोबर?

सुदाम : थेट दारात सोडून गेला. पण पोरी, मला वाईट वाटलं गं. तू असल्या गावात दिवस काढतेस आणि आम्हाला एका शब्दाने सांगत नाहीस.

प्रगती : असल्या म्हणजे कसल्या?

सुदाम : थंडी काय, खड्डे काय, नुसता मका काय. तो गुलाबांचा मळा सोड आणि ये परत. कोसबाडला शेतकी शिकलीस, आपल्याकडे फुलांची कामं कमी आहेत का?

प्रगती : आई?

लाडकी : आवाज येत नाही. नेट गेलं वाटतं.

प्रगती : नेट गेलेलं नाही. तू डोळे मिचकावतेयस तेसुद्धा मला स्वच्छ दिसतंय.

सुदाम : कोण डोळे मिचकावतंय?

प्रगती : बाबा, आईला हे शहर इतकं आवडलं की निघताना विमानतळावर रडली. मी म्हटलं माझ्यासाठी रडतेय. तर म्हणते, तुला काय, फोनवर बघेन. मी नदीसाठी रडतेय.

सुदाम : कुठली नदी?

प्रगती : गावातून वाहते ती. आई रोज तिच्या काठाकाठाने चालत पार्कात जायची, सकाळी उठून, एकटी. तिथं बायका जमतात, मोठ्याने गाणी लावतात आणि नाचतात. व्यायाम म्हणून. दुसऱ्याच दिवशी आई त्यांच्यात घुसली. दोन आठवड्यांत पहिल्या रांगेत. शेवटी तर तीच पुढे उभी, आणि तो अख्खा पार्क मागे. मोबाइलवर तारपा लावून फेर धरायला लावला तिने सगळ्यांना.

सुदाम : लाडकीने?

प्रगती : त्या अमेरिकन म्हाताऱ्यांनासुद्धा. एक तर आईला बघितलं की टोपी काढायचा.

सुदाम : बाकावरून उठून?

प्रगती : कुठला बाक? बरं, मी फोन केला ते तिकिटासाठी. जूनमध्ये त्या बायकांचा मोठा कार्यक्रम आहे, आई त्यात आहे. तिकीट एकच काढायचं ना? बाबा येणार नाहीत, गुडघे दुखतात, असं आई म्हणाली होती.

सुदाम : माझे गुडघे तिच्याशी कधी बोलले?

प्रगती : म्हणजे... आईने तुम्हाला काहीच सांगितलं नाही?

सुदाम : सांगितलं की. त्या उंदराबद्दल सांगितलं.

प्रगती : हां, ते तर तिने दोनदा मागून खाल्लं. बरं, मला झोप येतेय. तुम्ही आधी नीट भांडून घ्या, मग कळवा. एक की दोन.

लाडकी : ठेवलाही तिने फोन. बापावर गेलीय, गाडी उभी करते नि उतरून चालू पडते.

सुदाम : लिफ्ट चालू असते ना?

लाडकी : असते. आरसासुद्धा आहे आत.

सुदाम : आणि खड्डे?

लाडकी : खड्डे खरे आहेत. देवाशपथ.

सुदाम : मग एवढं खोटं कशाला रचलंस? मी तिकडे नकोय, हेच ना?

लाडकी : तू कशाला तोंड पाडतोस? तू फोनवर मला काय सांगायचास ते आठव. 'लाडके, तुझ्याविना जत्रा कसली, मी विवळवेढ्याला गेलोच नाही.'

सुदाम : मग?

लाडकी : काल पिशवी खाली ठेवत नाही तोच ठकी आली. म्हणाली, तुझा नवरा जत्रेला तीनदा गेला. पाळण्यात बसला. वर गेल्यावर ओरडला आणि खाली आल्यावर पुन्हा तिकीट काढलं.

सुदाम : ठकीला दुसरे उद्योग नाहीत.

लाडकी : 'घर खायला उठतं' म्हणायचास ना? ठकी म्हणाली, घर कुठलं, चैत्या नि तुक्या खायला उठायचे. रोज संध्याकाळी माझ्या चुलीपुढे तिघं. माझा तवा काळाठिक्कर करून ठेवलाय.

सुदाम : घासणार होतो. तू दोन दिवस आधी आलीस.

लाडकी : सांगितलेल्या दिवशीच आले.

सुदाम : बरं, ऐक. आता सगळं निघालंच आहे तर ऐक. मला तिकडे यायचंच नव्हतं. कधीच नव्हतं.

लाडकी : काय?

सुदाम : मला दुसऱ्याच्या गाडीत बसता येत नाही, लाडके. वाणगावला लग्नाला गेलो होतो ना टेम्पोने, आठव. मागच्या सीटवर बसून सगळा वेळ माझा पाय ब्रेक शोधत होता. दोन दिवस पोटरी दुखली. विमानात वीस तास मी पाय कुठं दाबू?

लाडकी : म्हणून मला पुढे धाडलंस? कोंबड्यांना कोण बघेल म्हणालास!

सुदाम : वाटलं, तू बघून येशील आणि तूच नको म्हणशील. म्हणालीस पण. मला इतका आनंद झाला होता.

लाडकी : अरे, मग माइकवर कशाला ते बोललास?

सुदाम : त्या दिवशी जो तो तेच विचारत होता. सुदाम, आता काय करणार? कुणी म्हणालं कोंबड्या वाढव. कुणी म्हणालं कारखान्यावर वॉचमनचं बघ, बसून पगार आहे. एवढे हार गळ्यात, आणि म्हणे वॉचमन. मला वाटलं, असं काही सांगावं की सगळे गप्प बसतील.

लाडकी : बसले का?

सुदाम : गप्प बसले. साहेबसुद्धा.

लाडकी : मला सांगायचंस रे.

सुदाम : तू तर हे ऐकून नाचतच सुटलीस. पासपोर्टचा फोटो काढायला नवं लुगडं घेतलंस. कसं सांगू? पण आता तुझं सांग. मी नको, असं का वाटलं?

लाडकी : तू नको, असं नाही.

सुदाम : मग?

लाडकी : तुझी उधव्याची पहाटेची खेप असायची, तेव्हा मी तुझ्याआधी उठायची. रात्रीची शेवटची असली की उशिरापर्यंत जागी राहायची. तू गाडी चालवायचास, पण तिच्या टायमावर माझी चूल चालायची. मग तू रिटायर झालास. हार, भाषणं, पेढे. मीपण समोर बसून टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय म्हणालास, आठवतं?

सुदाम : काय म्हणालो?

लाडकी : 'चला, डब्याची कटकट संपली. आता दुपारचंपण गरम जेवू.'

सुदाम : मी म्हणालो असं?

लाडकी : हसत म्हणालास. मीपण हसले. मग चुलीपाशी जाऊन बसले आणि मनात आलं, हा सुटला आणि माझी ड्युटी वाढली. तिकडे क्वेंकाला पहिल्याच सकाळी प्रगती कामावर गेली आणि मी खिडकीत उभी राहिले. मला कुणी काही मागत नव्हतं. कुठं जाते, कधी येते, कुणी विचारत नव्हतं. म्हणून खाली उतरले आणि चालायला लागले. अरे, या वयात मी रस्ता चुकले! इतकी मजा आली मला. तू रिटायर झालास, तुला कागद मिळाला. मला कोण करणार रिटायर?

सुदाम : थांब जरा.

लाडकी : बोल काहीतरी. तू थांबलास की मला भीती वाटते, इंजिन बंद पडल्यासारखं.

सुदाम : नाही, चालू आहे. विचार करतोय. जूनला गेलीस तर आवणीचं काय? शेत तसंच ठेवायचं?

लाडकी : कार्यक्रम झाला की निघते. रोपं उपटायच्या आत चिखलात उभी राहते की नाही बघ. मग कापणी, झोडणी सगळं करून दिवाळीनंतर पुन्हा जाईन. प्रगती तिथं असेपर्यंत.

सुदाम : सगळं ठरवलंयस म्हणजे.

लाडकी : नदीकाठी चालताना दुसरं काम काय होतं?

सुदाम : माझा भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. चैत्या खातो, पण तो काहीही खातो.

लाडकी : लग्नानंतर माझाही करपायचा. तू एक अक्षर न बोलता खायचास.

सुदाम : तेव्हा बोलायची हिंमत नव्हती.

लाडकी : आता बघ, कशी खोटं बोलायचीसुद्धा आली. दोघांना.

सुदाम : लोक मात्र विचारणार. लाडकी एकटी कशी गेली? भांडण झालं का? चैत्या तर कुंपणावरच बसून राहील. त्याला काय सांगू?

लाडकी : सांग, शहर मोठं आहे. एका खेपेत बघून होत नाही.

सुदाम : हे बरं आहे. हे त्याला पटेल. आण तो फोन. ते बोलून पाठवायचं बटण कुठलं? हां. प्रगती, बाबा बोलतोय. आमचं भांडून झालं. एकच तिकीट काढ. आणि आईला खिडकीजवळची जागा बघ. आणि परतीचंपण काढ.

लाडकी : ते काढावंच लागतं. परतीचं नसलं तर तिथले लोक आत घेत नाहीत.

सुदाम : मी त्यांच्यासाठी म्हणत नाहीये.