कोनफळं मोजायची नसतात

प्रशांत महासागरातल्या पोनपे बेटावरच्या शेती कचेरीत सेपे नवऱ्याचा अर्ज घेऊन रांगेत चुळबुळत होती. पुढे म्हातारा कासियानो आणि त्याची लेक.

“बाबा, कोनफळं विकायला सरकार अनुदान देतंय. आपले वेल किती लिहू?”

“एकही नाही.”

“मग सरदाराच्या मेजवानीला आपलं कोनफळ सहा जणांनी खांद्यावरून आणलं, ते आभाळातून पडलं?”

“हळू बोल! मागे कान आहेत. किती नि केवढी लावलीत ते लोकांना आधीच कळलं, तर पुढच्या मेजवानीत सरदारापुढे माझी काय शान?”

“पैसे नाही मिळाले तर गुआमला जाईन भांडी घासायला.”

म्हातारा घुटमळला. मागे बघून म्हणाला,

“शून्यच लिही.”

कारकून वैतागला.

“काका, बत्तीस अर्ज, बत्तीस शून्यं! मग कोनफळं लावतं कोण?”

सेपेनं अंगठा सरकवून नवऱ्याच्या अर्जावरचं शून्य झाकलं.