कार्यवाहक ऑस्ट्रँडर बाई

सन्माननीय अधिष्ठाता क्विस्टगार्ड साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या मिसेस अँब्लर, सहकारी, विद्यार्थी आणि आजच्या सत्कारमूर्ती, राज्यशास्त्र विभागाच्या अध्यक्षा ऑस्ट्रँडर बाई... बघा, वटारले डोळे! बरं बाई, 'कार्यवाहक' अध्यक्षा.

काही वर्षांपूर्वी आमचे अध्यक्ष अँब्लर सर अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले. उपाध्यक्ष म्हणून बाईंनी विभाग हाती घेतला आणि पहिल्याच दिवशी दारावर 'कार्यवाहक' अशी पाटी ठोकली. का? तर १८४१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरिसन निवडून आल्यावर महिनाभरात वारले आणि उपाध्यक्ष टायलर 'आता मीच राष्ट्राध्यक्ष' म्हणून बसले, ते बाईंना अजून पटलेलं नाही!

राज्यघटना म्हणते, राष्ट्राध्यक्ष गेला किंवा असमर्थ झाला, तर 'ते' उपाध्यक्षाकडे जाईल. 'ते' म्हणजे काय हो? पद, की नुसतं पदाचं काम? एवढे थोर विचारवंत ही घटना लिहायला फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्यात खिडक्या लावून बसले, घामाघूम झाले, आणि नेमकं हेच स्पष्ट करायचं राहिलं. मी म्हणायचो, "बाई, पुढे घटनादुरुस्ती झाली. मिटला वाद."

"पुढच्यांचा मिटला रे, डेल! टायलरचा कुठे मिटला? कॉफी पी, गार होतेय."

आमच्या जिन्यात सगळ्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी आहेत. बाईंचीही तयार आहे, ती काय, कागदात गुंडाळलेली. पण बाई लावू देतील तर शपथ! "कार्यवाहकाची तसबीर नसते," म्हणे. मला वाटायचं, हा निव्वळ हेका. त्यात शिकल्यासवरल्या माणसाचा, म्हणजे विचारूच नका.

परवा मिसेस अँब्लरनी सांगितलं. बाई दर रविवारी सरांना भेटायला जायच्या. सर अडखळत विचारायचे, "माझ्या खुर्चीत कोण बसतं?"

"कुणी नाही. मी नुसती धूळ झटकते. तुम्ही लवकर बरे व्हा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजारी माणसाचं पदच घेऊन टाकलं, तर बरा होऊन तो बसणार कुठे? मंडळी, टायलर गेला खड्ड्यात! बाई भांडत होत्या त्या अँब्लर सरांसाठी.

सर मार्चमध्ये गेले. बाई, आता कुणी परत यायचं नाही हो. तुमची तसबीर सरांच्या शेजारी लागावी, ही खुद्द मिसेस अँब्लर यांची इच्छा आहे. काही हरकत?

...वाद न घालता बाईंनी चष्मा काढला! असं आजवर घडलेलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि क्विस्टगार्ड साहेब, बाई चष्मा पुसताहेत तोवर हातोडी-खिळा उचला!