दोन्ही लेकरांच्या गोळ्या

(बुऱ्हाणपुरातलं औषधांचं दुकान. काउंटरपाशी बहादरपूरची सोजरबाई, आत दुकानदार प्रभाकर.)

सोजरबाई : वास नाही येत तोंडाला, तेच तर समजत नाही भाऊ. बिनवासाची दारू मिळते का आता?

प्रभाकर : काकी, लोटूकाकांनी जिंदगीत बिडी नाही ओढली. दारू सोडवायची दवाई कोणासाठी मागता तुम्ही?

सोजरबाई : त्यांच्यासाठीच. आठ दिवस झाले, केळीच्या बागेत लडखडत चालतात. जीभ जड. एकाचे दोन दिसतात म्हणे. गाव हसतं आम्हाला.

प्रभाकर : फिटची गोळी चालू आहे ना त्यांची?

सोजरबाई : एक टाइम नाही चुकवला. ही निरंजनची, ही तृप्तीची.

प्रभाकर : म्हणजे?

सोजरबाई : ही पोराने इथल्या डॉक्टरकडून आणली. मग पोरगी जळगावला घेऊन गेली, तिथून ही. एकाची दिली न् एकाची ठेवली, तर त्या लेकराला काय वाटंल? म्हणून दोघांची देते.

प्रभाकर : जळगावच्या डॉक्टरला सांगितलं, आधीची चालू आहे म्हणून?

सोजरबाई : कशाला? डॉक्टर लोकांना राग येतो दुसऱ्याचं नाव काढलं की.

प्रभाकर : अरे काकी, वरचं मोठं नाव कंपनीचं. हे खालचं बारीक औषधाचं नाव बघा. दोन्हीवर एकच आहे. डबल डोस चाललाय.

सोजरबाई : रंग तर वेगळा आहे. एक पांढरी, एक पिवळी.

प्रभाकर : रंग कसा पण असू दे, दवाई सेम. मला वाटतं हीच चढलीय त्यांना. आत्ताच डॉक्टरकडे न्या, दोन्ही पाकिटं दाखवा. आणि मनाने दोन्ही बंद करू नका, फिट येईल.

सोजरबाई : थांब, माझं डोकं चालेना. मग ते पीत नव्हते?

प्रभाकर : नाही वाटत.

सोजरबाई : परवा तापीत उभं केलं मी त्यांना. कमरेइतक्या पाण्यात. दारू सोडायची शपथ घ्यायला लावली.

प्रभाकर : फिटच्या माणसाला? पाण्यात? मग, घेतली त्यांनी?

सोजरबाई : घेतली. म्हणाले, मला तर काही आठवत नाही सोजर, पण तू म्हणतेस तर पिलो असंन.