खुनी कोण, ते दादाला सांगायचं राहिलंय

हसू नका, पण त्या पुस्तकाची मला अजून भीती वाटते. नगरच्या रद्दीवाल्याकडे ते कुणी हातातही घेत नव्हतं. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ते पारनेरला आणलं आणि रोज मला वाचून दाखवायला लागला. मी दुसरीतूनच शाळा सोडलेली. गोष्टीत सावकाराचा खून झाला होता, खुनी सापडायचा होता, आणि मधेच दादा तापानं गेला.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दादाची काहीतरी इच्छा राहिली म्हणून जो तो कबूल करायला लागला.

आई म्हणाली, "ताईचं लगीन करू रं बाळा."

चुलते म्हणाले, "तुझी बैलं इकत न्हाई."

कावळा जागचा हलेना. माझ्या तोंडून एकदम निघालं, "दादा, खुनी कोन ते मी तुला सांगतो!"

कावळा झपकन खाली आला.

मग वाचणं भागच होतं. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून भर दुपारी गोठ्याच्या दारात बसून, अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचायचो. गोष्टीत जिन्यावर पावलं वाजली की मागं दादाच उभा आहे असं वाटून अंग गार पडायचं. तरी शेवटच्या पानापर्यंत पोचलो. तेवढं पान मात्र मनातल्या मनात वाचलं.

काय म्हणतोस गण्या, खुनी कोण?

हळू बोल, बाबा. दादानं ऐकलं तर जाईल तो.